अंतुले, सिमेंट आणि आपली वकिली

महाराष्ट्राला आजवर एकच मुसलमान मुख्यमंत्री मिळाला, बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. आमच्या उर्दू शाळेतल्या दहावीच्या पोरांना हे नाव माहीत नसतं. त्यांच्या दादा-नानांना मात्र पक्कं आठवतं. अकोल्यात हे नाव निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मुसलमान होता म्हणून काढला." मला हे वाक्य कधीच पटलं नाही.

झालं काय होतं? जून १९८० मध्ये अंतुले मुख्यमंत्री झाले. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. घराचा स्लॅब टाकायचा तर साध्या माणसाला परमिटसाठी चकरा माराव्या लागत. आणि इकडे मुंबईतले बिल्डर इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारख्या ट्रस्टांना देणग्या देत होते आणि त्यांना सिमेंट मिळत होतं. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरींनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये हे उघड केलं. पी. बी. सामंत आणि इतरांच्या याचिकेवर १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध होता असा निकाल दिला, आणि अंतुलेंनी राजीनामा दिला. पुढे खटला वर्षानुवर्षं चालला, सर्वोच्च न्यायालयाच्या ७ न्यायमूर्तींपर्यंत गेला. शिक्षा मात्र कधी झाली नाही. पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले.

आता 'मुसलमान होता म्हणून' याचं बघू. त्यांच्यावर खटला भरायला जुलै १९८२ मध्ये मंजुरी देणारे राज्यपाल कोण होते? निवृत्त एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ. ही गोष्ट आमच्या चर्चांत कुणी काढत नाही.

उलट बाजूचंही सांगितलं पाहिजे. १९८६ मध्ये मुलीच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात शिवाजीराव पाटील निलंगेकर गेले, २०१० मध्ये 'आदर्श'मुळे अशोक चव्हाण गेले. त्यांच्या जातीला कुणी जाब विचारला नाही. अमेरिकेचे उपाध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू १९७३ मध्ये लाचखोरीच्या चौकशीत पद सोडून गेले. ते एका ग्रीक स्थलांतरिताचे चिरंजीव, पण म्हणून तिथल्या ग्रीकांनी त्यांची वकिली करावी असं त्यांना वाटलं असेल का? आपल्याकडे मात्र एक माणूस पडला की सगळी कौम कटघऱ्यात उभी केली जाते, आणि मग आपणही सफाई द्यायला धावतो. हा राग मला समजतो. पण रागापायी सिमेंटचा हिशोब कसा सोडायचा?

"पैसे त्यांनी घरी थोडेच नेले, ट्रस्टला दिले," ही दुसरी दलील. याला उत्तर हदीसमध्ये आहे. जकात वसूल करायला पाठवलेला एक माणूस परत आला आणि म्हणाला, हे तुमचं आणि हे मला भेट मिळालेलं. हुजूर (स.) नाराज झाले. त्यांनी विचारलं की हा आपल्या आई-बापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट चालत आली असती का? लहानपणी मकतबात ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. अंतुले मुख्यमंत्री नसते तर त्या बिल्डरांना प्रतिभेची एवढी कळकळ वाटली असती का?

आणि हे फक्त मंत्रालयात चालतं असं नाही. मी बी.एड. होऊन नोकरी शोधत होतो तेव्हा आपल्याच लोकांच्या एका संस्थेत मला 'इमारत फंडा'चा आकडा सांगितला गेला. "कौमची खिदमत आहे," असंही वर ऐकवलं. मी सलाम करून बाहेर पडलो. ज्यांनी शेत विकून तो फंड भरला, ते आज मुलांना इमानदारीवर निबंध लिहायला लावतात. त्यांना तरी काय दोष द्यावा!

मागे हे सगळं मी मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, सब सही है. लेकिन बेवा औरतों का निराधार का पैसा उसीने चालू किया ना?"

हो, संजय गांधी निराधार योजना, १९८०. त्यांनीच.