न्यू पॅलेसमधले वाघ आणि गंगारामचा चहा

गेल्या उन्हाळ्यात वस्तीतल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींना घेऊन आम्ही कोल्हापूरचा न्यू पॅलेस पाहायला गेलो. १८८४ साली पूर्ण झालेला, काळ्या दगडाचा, घड्याळाच्या मनोऱ्याचा राजवाडा. आता तिथे संग्रहालय आहे. दाराशी येताच पोरांचे आवाज आपोआप खाली गेले, कुणी गप्प केलं नव्हतं तरी. एकाने तर हात जोडले.

आत तलवारी, बंदुका, दरबार हॉल. आणि पेंढा भरलेले वाघ. वाघांपुढे आम्ही जितका वेळ उभे राहिलो तितका कशापुढेच नाही. (समाजशास्त्रात एम.ए. केलेले आम्हीसुद्धा!)

बाहेर आल्यावर एका मुलीने विचारलं, "दादा, पन्नास टक्क्यांचा हुकूम याच वाड्यातून निघाला का?"

प्रश्न साधा, पण आम्ही अडखळलो. २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या, तेव्हा शाहू महाराज इंग्लंडमध्ये होते. म्हणजे त्या हुकमाचं मोठेपण सिंहासनात शोधायचं कशाला?

आपल्यातले काही म्हणतात, राजा तो राजाच, त्याच्या वाड्यात आपलं काय काम? काहींनी शाहूंना देव्हाऱ्यात बसवलंय. आम्हाला दोन्ही पटत नाही. राजे ढिगाने झाले, वाघही सगळ्यांनीच मारले. पण याच दरबाराच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळेंना पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून सवर्ण नोकरांनी मारलं, तेव्हा महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, शिवाय गंगारामांना हॉटेल काढायला लावलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायला लागले, सोबतच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजू लागले. राजा वाड्यातून निघून टपरीवर गेला. आणि आम्ही तिकीट काढून उलट्या दिशेने चाललो होतो, तेही हात जोडून!

तिथून सगळ्यांना घेऊन भाऊसिंगजी रोडवर गेलो. 'सत्यसुधारक हॉटेल' इथेच होतं. नेमकं कुठे, ते एका चहावाल्याला विचारलं. त्याने गंगाराम कांबळे हे नावच ऐकलं नव्हतं. मग त्या मुलीनेच त्याला सगळी हकीकत सांगायला घेतली, आणि आमचे चहा गार झाले.