तळ्याचं पंचांग

लालबाग-परळच्या माणसाला तळं भेटतं ते टक्क्यांत. जुलै उजाडला की वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात सात नावं येतात: विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा. पुढे आकडा, कोणतं किती भरलं. पाणीकपात उठली की आम्ही ते पान उलटतो. विहार 1860 पासून आणि तानसा 1892 पासून या शहराला पाणी पाजतो आहे, पण पहाटे मोरीत बादली लावणाऱ्या बहुतेकांनी यातला एकही तलाव पाहिलेला नसतो. म्हणूनच आमच्या चाळीच्या गॅलरीत एकदा कुणीतरी “यंदा तळ्याकाठी दोन रात्री राहून येऊ” म्हणालं, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पहिला प्रश्न केला, “तिथे पाणी किती वाजता येतं?”

सगळे हसले. पण वहिनींचं काही चुकलं नव्हतं. तळ्यालाही वेळ असते, आणि ती न विचारता निघणारी माणसं चिखल बघून परत येतात.

अण्णांनी मात्र मुळालाच हात घातला. मिलमध्ये आयुष्य काढलेला माणूस, उगाच पैसे खर्च झालेले त्यांना खपत नाहीत. “पाणीच बघायचं ना? मग गिरगाव चौपाटी काय वाईट आहे? बसचं तिकीट काढा, पाणी बघा, भेळ खा, घरी या.” त्यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. समुद्राला रोज दोनदा भरती येते, त्याच्यापाशी कधीही जावं. तळ्याला भरती वर्षातून एकदाच, आणि मग महिनोन् महिने नुसती ओहोटी. त्याच्याकडे जायचं तर त्याचं पंचांग बघावं लागतं.

त्याआधी तळं ठरवायला हवं. तानसा आपला, म्हणून पहिलं नाव त्याचं निघालं. भोवती अभयारण्य आहे, वाटही फार लांबची नाही. पण ज्याचं पाणी आपण पितो त्याच्या काठावर चूल मांडून खरकटी भांडी घासायची, हे मला पटत नाही. मग पवना. लोहगड, तिकोना, तुंग असे किल्ले उभे आहेत, काठाने तंबूंच्या रांगा आहेत, गाद्या आहेत, कोंबडी भाजायला शेगड्या आहेत. शनिवारी रात्री स्पीकरही असतात. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं. त्यांनी काय ते बघावं. पण कानठळ्याच बसवून घ्यायच्या तर लालबागच्या माणसाने घाट कशाला चढायचा? गणपतीत जिन्यावर बसलं तरी पुरतं.

उरलं भंडारदरा, आणि ते उरलं याचा मला आनंदच आहे. रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा इथे अडवली आहे. 1910 मध्ये काम सुरू झालं, 1926 च्या डिसेंबरात धरण पुरं झालं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं आणि जलाशयाला आर्थर लेक म्हणू लागले. साहेबांची नावं लागली खरी, पण हा मुलूख महादेव कोळ्यांचा. इथलाच राघोजी भांगरे इंग्रजांशी लढला आणि 1848 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. एका अंगाला 1646 मीटरचं कळसूबाई, दुसऱ्या टोकाला रतनवाडीचं अमृतेश्वराचं कोरीव देऊळ, आणि मधे हे अकरा टीएमसी पाणी. ते काठावरच्या भातखाचरांसाठी अडवलेलं नाही. आवर्तन सुटलं की ते खाली श्रीरामपूर-राहुरीकडे उसाला जातं. वर राहणाऱ्यांनी ते नुसतं जाताना बघायचं. तळ्याकाठच्या सुंदर संध्याकाळी हे आठवलं तर संध्याकाळ बिघडत नाही, थोडी खरी होते.

आता पंचांग. मेअखेरीपासून जूनच्या पहिल्या जोरदार पावसापर्यंत इथे काजवे. हिरड्या-बेहड्याची, सादड्याची, जांभळाची अख्खी झाडं एका तालात उजळतात, एका तालात विझतात. मुलांना शाळेची सुट्टी असते, म्हणून चाळीचं मत मे महिन्याला. पण तेव्हा तळं तळाशी गेलेलं असतं, काठावर भेगाळलेली माती, आणि काजवे बघायला आलेल्या गाड्यांची रांग. नर काजव्याचा तो प्रकाश मादीसाठी असतो. त्यावर आपण मोबाईलचा टॉर्च मारतो. वनखातं दरवर्षी नियम लावतं आणि दरवर्षी ते मोडणारे येतात. त्यांत आपली भर नको.

जुलै-ऑगस्टात रतनवाडी-घाटघरकडे जो पाऊस कोसळतो, त्यात तंबू ठोकायची भाषा कुणी करू नये. त्याच पावसाने, बहुतेक वर्षी, पंधरा ऑगस्टच्या सुमाराला धरण भरतं. म्हणजे तळं भरतं नेमकं तेव्हा लालबागचा माणूस मंडपात अडकतो. गणपती, मग नवरात्र, मग दिवाळीचा कंदील. त्याचं पंचांग आणि तळ्याचं पंचांग जुळतं ते फक्त दिवाळी उलटल्यावर: पाणी काठोकाठ, आभाळ स्वच्छ, थंडी सोसवेल इतकी, आणि रब्बीचं पाणी अजून सुटायचं असतं. अमावास्येच्या आसपासचे दिवस धरले तर चांदण्यांची गर्दी दिसते. परळच्या आभाळात असतात तेवढ्या बोटांवर मोजता येतात.

तारीख ठरली की बाकी सगळं सोपं. मंडळाच्या कार्यकर्त्यांना कामं वाटून घ्यायला शिकवावं लागत नाही; एक जण वर्गणी काढतो, एक जण यादी करतो, एक जण भांडतो. बॅटऱ्या लोहार चाळीतून, मसाला आणि चिवडा लालबागचाच, सतरंज्या माळ्यावरून. राहायला तळ्याकाठी पर्यटन महामंडळाच्या खोल्या आहेत. पण घरटी वेगळी खोली म्हटल्यावर आमच्याकडे सगळे गप्प झाले. इतक्या लांब जाऊन दारं लावून झोपायचं, ही कल्पना कुणालाच झेपेना. शेवटी बायकांसाठी दोन खोल्या आणि बाकीच्यांना तंबू असं ठरलं, आणि लगेच अर्ध्या बायकांनी तंबू मागितला.

तुम्हीही जाणार असाल तर दादरहून पहाटेची तपोवन धरा, इगतपुरीला उतरा आणि घोटी-बारीमार्गे धरणापाशी शेंडी गावाला जा. किंवा कसारा लोकल आणि पुढे जीप. शनिवार-रविवार टाळा. तंबू तिथल्या अभयारण्यात घुसून नको. भात कापलेल्या खाचरात, मालकाला विचारून, पैसे देऊन ठोका. जेवण गावातल्या घरी सांगा, पण माणसं मोजून, आदल्या दिवशी सांगा. तेव्हा भातकापणी चालू असते, आणि तुमच्या भाकरी थापणारी बाई दिवसभर शेतात असते.