मुठीतला वाफसा

शेतीची थ्री-फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात आप्पा उशाशी बॅटरी आणि काठी घेऊन झोपायचे. लाइट आली की उठायचं, मळ्यात जाऊन विहिरीवरची मोटर चालू करायची. मधेच गेली, परत आली, की पुन्हा चक्कर. उसात बिबट्याची भीती, पायाखाली सापाची. दौंड-मनमाड लाइनीवरून मालगाडी धडधडत गेली की आई जागी व्हायची आणि आप्पा घरात येईपर्यंत बसून राहायची.

मी मोबाईल स्टार्टर आणला तो यासाठी. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, आत सिमकार्ड, बाहेर बोटभर अँटेना. तिच्या नंबरावर रिंग दिली की मोटर सुरू. फेज गेली किंवा विहीर उपसली तर मोटर आपोआप बंद होते आणि फोनवर निरोप येतो. पहिल्या रात्री दोन वाजता मी अंथरुणातूनच रिंग दिली. आप्पांना खरं वाटेना. ते ओट्यावर जाऊन कान देऊन उभे राहिले. मळा घराला लागूनच. थोड्या वेळाने हौदात पाणी पडल्याचा आवाज आला. "पडतंय रे पाणी," एवढंच म्हणाले, आत आले आणि झोपले. त्या पेटीवर माझा जीव जडला तो तेव्हा. आजही पावसाळ्याआधी तिचं झाकण मी स्वतःच्या हाताने पुसतो.

आमचं पुणतांबा चांगदेव महाराजांच्या समाधीचं गाव. ज्ञानेश्वर वयाने लहान, अधिकाराने मोठे. मायना काय लिहावा हे सुचेना, म्हणून चांगदेवांनी कोरंच पत्र धाडलं आणि त्याला पासष्ट ओव्यांचं उत्तर आलं, ही गोष्ट इथलं प्रत्येक पोर ऐकत मोठं होतं. रिंग देताना मला ती हमखास आठवते. न उचललेला कॉल म्हणजे कोरा कागदच. तरी पलीकडे तो कळतो. याचं नवल मला अजून वाटतं.

पण पेटीला चालू आणि बंद, एवढंच कळतं. पुढची यंत्रं बारामतीला 'कृषिक' प्रदर्शनात पाहिली. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या साह्याने उसात एआय आणलं आहे. मातीत सेन्सर, शेतात हवामान केंद्र, वरून उपग्रहाची नजर. आणि पाणी कधी द्यायचं, किती द्यायचं, खत कुठलं, हे फोनवर. मी त्या प्लॉटपुढून हलेना. येताना डोक्यात एकच घोळत होतं : हे सगळं फोन सांगायला लागला तर आप्पांना जे कळतं ते कुठे जाईल?

मातीतल्या ओलाव्याचा एक सेन्सर मी उसात बसवला. गेल्या महिन्यात सरीतली माती वरून पांढरी पडली, भेगा दिसू लागल्या. आप्पा म्हणाले, "पाणी दे." फोन म्हणत होता, आज नको. मी रिंग द्यायला काढलेला फोन हातात तसाच धरून उभा. आप्पांनी खुरपं घेतलं, वीतभर खाली उकरलं, माती मुठीत दाबली आणि मूठ उघडली. लाडू वळलेला. अंगठ्याने जरा दाबल्यावर फुटला.

"आहे वाफसा खाली," ते म्हणाले. "बरोबर सांगतंय तुझं. राहू दे दोन दिवस."

माझा दहा वर्षांचा मुलगा बांधावर बसून माझ्याच फोनमध्ये ओलाव्याचा आलेख बघत होता. आकडा तो माझ्याआधी वाचतो. त्याला हाक मारून जवळ बोलावलं. फोन बाजूला ठेवायला लावला. आप्पांनी पुन्हा उकरून मूठभर माती त्याच्या तळव्यावर ठेवली आणि वरून स्वतःच्या हाताने त्याची मूठ मिटली.

"काय लागतंय?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गार."

"अजून दाब."