एफएसआयचा प्रश्न आंबेडकरी चळवळीने हातात का घ्यावा?

आंबेडकरी चळवळीत जमिनीचा विषय निघाला की आपल्याला गायरान आठवते, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील 1959 आणि 1964 चा भूमिहीनांचा सत्याग्रह आठवतो. शहरातल्या जमिनीचा विषय निघाला की मात्र आपली चर्चा दोनच प्रश्नांवर थांबते. घर मिळणार का? आणि किती चौरस फूट मिळणार? इमारत किती उंच होणार, शेजारच्या इमारतीपासून किती अंतरावर उभी राहणार आणि त्या उंचीचा पैसा कुणाच्या खिशात जाणार, हे प्रश्न आपण 'तांत्रिक' म्हणून आर्किटेक्ट आणि बिल्डरवर सोडून देतो. आमचे म्हणणे असे की शहरातली आजची जमिनीची लढाई नेमकी याच तांत्रिक भाषेत लपलेली आहे.

आधी शब्द समजून घेऊ. एफएसआय म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. हजार चौरस मीटरचा भूखंड असेल आणि एफएसआय 1 असेल, तर सगळे मजले मिळून हजार चौरस मीटर बांधकाम करता येते. एफएसआय 4 झाला की तेवढ्याच जमिनीवर चार हजार. जमीन वाढत नाही, म्हणून बांधकाम वर चढते. रस्त्याची रुंदी, इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, विमानतळाजवळची बंधने हे सगळे मिळून इमारतीची उंची ठरते. मुंबईत 1964 च्या नियमांपासून हा निर्देशांक आला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने तो मुंबई शहरात 1.33 आणि उपनगरांत 1 असा ठेवला. म्हणजे सरकारने आधी आकाशाला कुलूप लावले. नंतर त्या कुलपाच्या किल्ल्या वाटायला सुरुवात केली. किल्ल्या कुणाला मिळाल्या, हा खरा प्रश्न आहे.

घर कसे असावे हे नियमाने ठरवणे आपल्या समाजाला नवीन नाही. गावात आपली वस्ती कोणत्या दिशेला असावी हे ठरलेले होते. अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हासुद्धा सवर्णांच्या लेखी गुन्हा होता, हे बाबासाहेबांनी गावगाड्याविषयी लिहिताना नोंदवून ठेवले आहे. त्यांनी गाव सोडा, शहरात चला असे सांगितले, कारण शहरात छपराला जात विचारली जात नव्हती. निदान तशी आशा होती.

मुंबईत 1896 साली प्लेग आला आणि 1898 साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. हा ट्रस्ट काही गरिबांचा कैवारी नव्हता. त्याने गरिबांची जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत. पण अंधाऱ्या, कोंदट खोल्या रोगाचे घर असतात हे त्याला कळले होते. म्हणून त्याने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर या नियमाचे मोठे पुरस्कर्ते होते. सोप्या भाषेत हिशेब असा, की समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मे अंतर मधे मोकळे हवे. तरच खालच्या खोलीत आकाशाचा उजेड पोहोचतो. परळच्या ज्या बीआयटी चाळीत बाबासाहेब सुमारे वीस वर्षे दोन लहान खोल्यांत राहिले, ती चाळ याच ट्रस्टची.

आता स्वतंत्र भारताकडे येऊ. 1991 च्या नियमावलीत झोपडपट्टी पुनर्वसनासाठी 33(10) हे कलम होते. त्यात पुनर्वसनाच्या इमारतींना अनेक सवलती होत्या. त्यातली एक सवलत अशी, की दोन पुनर्वसन इमारतींमधले अंतर 3 मीटरपर्यंत खाली आणता येत होते. आता गणित करा. 24 मीटर उंचीच्या, म्हणजे साधारण सात-आठ मजली इमारतीसमोर गोऱ्यांच्या ट्रस्टच्या नियमाने 12 मीटर जागा हवी होती. आपल्या सरकारच्या त्या सवलतीने 3 मीटर पुरत होते. उंचीच्या निम्मे अंतर होते, ते एक-अष्टमांश झाले. आणि याला 'सवलत' म्हणतात! सवलत कुणाला? घरात राहणाऱ्याला तर नाहीच.

याचा परिणाम गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत दिसला. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेच्या 2018 मध्ये पुढे आलेल्या अभ्यासात, जिथे उजेड आणि वारा कमी तिथे क्षयरोग जास्त, हा संबंध मांडला गेला. वस्तीत काम करताना आम्हाला हे आकडेवारीशिवायही कळते. खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लावून पोरे अभ्यास करतात. खिडकी उघडली तर समोरच्या घरातला माणूस हाताच्या अंतरावर, म्हणून खिडकीला कायमचा पडदा. दोन इमारतींच्या मधल्या बोळात कचरा साचतो, म्हणून वास येऊ नये यासाठीही खिडकी बंद. मग क्षयरोगाचा रुग्ण सापडला की सरकारी यंत्रणा त्याला विचारते, खोकताना तोंडावर रुमाल धरता का? नकाशा मंजूर करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

आता पैशाकडे वळू. झोपडपट्टीवासीयांना 'फुकट घर' मिळते, हे वाक्य मध्यमवर्गाच्या तोंडी पाठ झालेले आहे. आरक्षणाबद्दल जो सूर लागतो तोच इथेही लागतो. पण फुकट कोण काय घेते, ते पाहा. पुनर्वसनाचे जितके बांधकाम, त्याच्या प्रमाणात बिल्डरला खुल्या बाजारात विकण्यासाठी बांधकाम मिळते. 1997 नंतरच्या नियमांत हे प्रमाण उपनगरांत एकास एक, मुंबई शहरात एकास पाऊण आणि धारावीसारख्या अवघड ठिकाणी एकास 1.33 असे होते. पुढे ते जमिनीच्या आणि बांधकामाच्या दराशी जोडले गेले. मूळ तत्त्व मात्र तेच राहिले. म्हणजे वस्तीत जितकी पात्र कुटुंबे जास्त, तितका विक्रीचा एफएसआय जास्त. हा एफएसआय बिल्डरच्या भांडवलातून येत नाही. तो वस्तीतल्या कुटुंबांच्या संख्येतून जन्माला येतो. चिखल तुडवून, नळासाठी भांडून, पालिकेचे बुलडोझर सोसून ज्यांनी ती जमीन राहण्याजोगी केली, त्यांच्या डोक्यांच्या मोजणीतून आकाश उघडते. त्यांना वाट्याला येते ते तीन मीटरच्या बोळाकडे तोंड केलेले घर. मोकळी हवा, बाग आणि पार्किंग विक्रीच्या टॉवरकडे जाते. दोन्ही इमारती एकाच भूखंडावर, मधे भिंत आणि दोन वेगळी फाटके. गावकुसाबाहेरची वस्ती आता कुंपणाबाहेर आली आहे, एवढाच फरक.

याचा अर्थ आमचा उंच इमारतींना विरोध आहे असा कुणी घेऊ नये. शहराच्या मध्यावर, कामाजवळ, शाळा-रुग्णालयांजवळ आपली माणसे राहायची असतील तर वर जावेच लागेल. अ‍ॅलन बर्टॉड यांच्यासारखे नियोजनतज्ज्ञ सांगत आले, की मुंबईचा एफएसआय फार कमी ठेवल्यामुळे घरे महागली. उलट नवी मुंबईच्या रचनाकारांपैकी एक असलेले शिरीष पटेल बजावत राहिले, की रस्ते, शाळा, मैदाने न वाढवता एफएसआय वाढवला तर माणसे एकमेकांवर रचली जातील. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण आपला प्रश्न दोघांच्याही पुढचा आहे. वाढलेल्या उंचीचा मालक कोण? उजेडाची वाटणी कशी? एफएसआय कमी असताना आपण झोपडीत होतो आणि एफएसआय वाढला तेव्हा अंधाऱ्या खोलीत गेलो. मग आकडा वाढला की न्याय होतो, हे आम्ही का मानावे?

हे आता दूरचे प्रकरण राहिलेले नाही. 1920 च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी, ज्यांनी पँथरचा काळ आणि 1974 ची वरळीची दंगल पाहिली, तिथे तळमजला आणि वर तीन मजल्यांच्या जागी चाळीस मजली टॉवर आले आहेत. 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचे घर ही मोठीच गोष्ट आहे, ती कमी लेखण्याचे कारण नाही. घाटकोपरच्या रमाबाई नगरात, जिथे 11 जुलै 1997 रोजी पोलिसांच्या गोळीबारात आपली 10 माणसे मारली गेली, तिथेही पुनर्विकास सुरू आहे. आपल्या इतिहासाच्या जागा उंच होत आहेत. त्या उंचीवर लिफ्ट बंद पडली तर म्हातारी आई खाली कशी उतरणार? दरमहा मेंटेनन्स कोण भरणार? न परवडल्यामुळे घर विकून कल्याणपलीकडे जायची वेळ किती जणांवर येणार? हे आज विचारले नाही, तर उद्या 'यांनी घरे विकून खाल्ली' हा ठपका आपल्याच माथी बसेल.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही कामे तातडीने हातात घ्यावीत.

पहिले, संमतीपत्रावर सही करण्याआधी नकाशा मागा. फक्त घराचा नकाशा पुरेसा नाही. दोन इमारतींमधले अंतर आणि दोन्हींची उंची दाखवणारा छेद-नकाशा मागा. संमतीची अट पूर्वी 70 टक्के होती, ती आता 51 टक्क्यांवर आली आहे. सह्या कमी लागतात, म्हणजे आपली ताकद कमी झाली. त्यामुळे एकजूट जास्त हवी.

दुसरे, चौरस फुटांइतकाच उजेडाचा आग्रह धरा. पुनर्वसनाच्या इमारतीला विक्रीच्या इमारतीपेक्षा कमी मोकळी जागा चालणार नाही, ही मागणी समतेची आहे.

तिसरे, विक्रीच्या एफएसआयमधून वस्तीच्या देखभालीसाठी कायमचा निधी मागा. ती भीक नव्हे. तो एफएसआय आपल्यामुळे निर्माण झाला आहे, त्यातला तो आपला वाटा आहे.

चौथे, हरकती आणि सूचनांची प्रक्रिया वापरा. विकास नियमांत फेरबदल करायचा तर एमआरटीपी कायद्यानुसार लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. स्थानकांजवळ 8 पर्यंत एफएसआय सुचवणारा मुंबईचा विकास आराखडा 2015 साली सरकारला मागे घ्यावा लागला, तो लोकांनी आवाज उठवल्यामुळे. त्या आवाजात आपल्या वस्त्यांचा वाटा किती होता, याचा विचार आपण करायला हवा. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास नियमावली वाचली, वस्तीतली आर्किटेक्चर, कायदा, समाजशास्त्र शिकणारी मुले-मुली एकत्र बसली, तर हे काम अवघड नाही.

बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले ते केवळ पदवीसाठी नव्हे. चवदार तळ्याचे पाणी सार्वजनिक आहे हे सांगायला आपण महाडला गेलो होतो. शहरातला उजेड आणि वारा हेही सार्वजनिक आहेत. ते कुणाला किती द्यायचे, हे ठरवणारा कागद आपल्या हातात असलाच पाहिजे.

जय भीम.