लेकराचं वय किती?

जालन्याहून येणारी गाडी मध्यवर्ती बसस्थानकात लागली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. जानेवारी महिना, अंगाला झोंबणारी थंडी. बाकाच्या टोकाला एक मुलगा बसला होता. अंगात पातळ शर्ट, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. शेजारी दोघं जण बिडी ओढत होते. खरं सांगायचं तर मुलगा मला आधी दिसलाच नाही, धूर दिसला. मी त्या दोघांना म्हटलं, "इथं बिडी ओढायला बंदी आहे. पाचशे रुपये दंड पडेल." त्यातला एक शांतपणे म्हणाला, "बाई, बंदी बंद जागेत असते. हे तर उघडंच आहे." मी बँकेत नोकरी करते, दिवसभर लोकांना नियम सांगते. पण याला काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. मुलगा खोकायला लागला तेव्हा ते दोघं आपणहून उठून बाहेर गेले.

नंतर वाचून पाहिलं. तंबाखूविषयीचा मूळ कायदा २००३चा. त्यात सार्वजनिक जागेची व्याख्या करताना 'मोकळी जागा' वगळली आहे, म्हणजे त्या माणसाचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. पण २ ऑक्टोबर २००८पासून लागू झालेल्या नियमांत खुलासा आहे: रेल्वे स्थानक, बसस्थानक, स्टेडियम अशा लोकांच्या वावराच्या जागा 'मोकळी जागा' म्हणून सोडायच्या नाहीत. तेव्हा बंदी खरी होती. दंड मात्र पाचशे नाही, दोनशे रुपयांपर्यंत. मी आकडा ठोकून दिला होता.

मुलगा एकटाच आहे हे कळल्यावर मी त्याच्याजवळ बसले आणि प्रश्नांचा भडिमार केला. नाव काय, गाव कोणतं, बाबा काय करतात, पळून आलास का, कुणी मारलं का? त्याने तीन वेळा तीन वेगवेगळी उत्तरं दिली. मग मी त्याचा फोटो काढला आणि आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला: 'हा मुलगा कुणाचा आहे? पुढे पाठवा.' आपण फार उपयोगाचं काम केलं असं तेव्हा वाटलं होतं. त्या रात्रीची माझी सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

त्याला घरी न्यावं, गरम वरण-भात घालावा, सकाळी बघू, असं मनात होतं. त्याचा हात धरून रिक्षापाशी आले. रिक्षावाल्या काकांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, लेकरू तुमचं हाय का?"

"नाही."

"मग रिक्षात काहून घालायलात? उद्या ह्याचे मायबाप हुडकत आले तर काय सांगताल?"

मी म्हटलं, मग महापालिकेच्या बेघर निवाऱ्यात सोडा. ते म्हणाले, "तिथं मोठी माणसं झोपतेत. एकटं लेकरू घेत नाहीत. दहा-अठ्ठ्याण्णवला फोन लावा." तो नंबर मी कितीदा तरी भिंतींवर वाचला होता. माझं बोट कधी त्यावर गेलं नव्हतं.

१०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी १९९६मध्ये मुंबईत सुरू झाली. २०२३पासून ती सरकारी यंत्रणेत आली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. मी फोन लावला. पलीकडच्या बाईंचा पहिलाच प्रश्न होता, "मुलाचं वय किती?" मी अंदाजाने आठ सांगितलं. कुठे जखम आहे का, घाबरलाय का, आत्ता नेमके कुठे आहात, असं विचारून त्या म्हणाल्या, "तिथंच थांबा, उजेडात बसा. पाणी द्या, खायला द्या. जास्त प्रश्न विचारू नका." प्रश्न तर मी सगळे विचारून बसले होते. रिक्षावाल्या काकांनी भाडं सोडलं आणि आमच्याबरोबर थांबले. बिस्किटाचा पुडाही त्यांनीच आणला.

थोड्या वेळाने साध्या कपड्यांतले एक गृहस्थ आले आणि मुलाशी बोलायला खाली उकिडवे बसले. मी मुलाला मागे ओढलं, "तुम्ही कोण?" त्यांनी ओळखपत्र दाखवलं. बाल कल्याण पोलीस अधिकारी. प्रत्येक पोलीस ठाण्यात असा एक अधिकारी नेमायचा असतो, आणि मुलांसमोर त्याने खाकीत जायचं नसतं. मी ओशाळले. "तुम्ही विचारलंत ते बरोबरच केलंत," ते म्हणाले. पण लगेच माझ्या तोंडून गेलं, "आता याला रिमांड होममध्ये नेणार का?" तोपर्यंत न रडलेला मुलगा तो शब्द ऐकून ओक्साबोक्शी रडायला लागला. त्याला गप्प करायला त्या अधिकाऱ्याचा बराच वेळ गेला.

आम्ही ज्याला सरसकट रिमांड होम म्हणत आलो, ते कायद्यात एक ठिकाण नाहीच, हे मला दुसऱ्या दिवशी एका समाजसेविकेने कागदावर रेघा ओढून समजावलं. बाल न्याय कायदा २०१५चा. ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे तो 'विधिसंघर्षग्रस्त बालक', चौकशी होईतो त्याच्यासाठी निरीक्षणगृह. आणि ज्याला सांभाळणारं कुणी नाही, जो हरवला, टाकला गेला, छळला गेला, तो 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक'. त्याच्यासाठी बालगृह, किंवा थोड्या दिवसांसाठी खुलं निवारागृह. महापालिकेचा बेघर निवारा याहून वेगळा. तो शहरी उपजीविका अभियानातला: दर एक लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांची सोय आणि माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा, असं त्याचं प्रमाण. २०११च्या जनगणनेत आमच्या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. म्हणजे जवळपास बाराशे माणसांना रात्री छप्पर मिळायला हवं. मी हिशेब करत बसले आणि मग आठवलं, की ज्याच्यासाठी मी निवारा शोधत होते त्याचा या हिशेबाशी संबंधच नव्हता.

मुलाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं, प्रवासाचा वेळ वगळून. तो मला सापडला होता, म्हणून मीही गेले. समिती म्हटल्यावर आमच्या कॉलनीच्या समितीसारखं काही असेल असं मी धरून चालले होते. ती पाच जणांची, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला हवीच. आणि तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार. ते कळल्यावर मी पिंजऱ्यात उभं राहायच्या तयारीने गेले. खोलीत पिंजरा नव्हता, उंच चौथराही नव्हता. मुलाला समितीशी बोलताना आडभिंत वाटू नये म्हणून नियमच तसा आहे. मुलगा एका सदस्य बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर पाय हलवत बसला होता.

फोटोची गोष्ट मीच सांगितली. वाटलं, शाबासकी मिळेल. बाई म्हणाल्या, "आधी तो काढून टाका." कलम ७४. अशा मुलाचं नाव, चेहरा, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाच्या हिताचं असेल तर परवानगी समिती देते, कॉलनीचा गट नाही. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ज्याच्यापासून हे पळालं असेल, त्याच्यापर्यंतही तुमचा फोटो पोचू शकतो." मी तिथेच फोटो काढून टाकला, पण तोवर तो कितीतरी जणांनी पुढे पाठवला होता. संध्याकाळपर्यंत एकेकाला फोन करून विनवत होते. सगळीकडून तो गेला असेल, अशी खात्री मला आजही देता येत नाही. म्हणूनच या लिखाणात त्याचं नाव नाही, गाव नाही.

एक गोष्ट मात्र सांगते. त्याच्या पिशवीत तंबाखूच्या पुड्या निघाल्या. दुकानातून आणून मोठ्यांना देणं हे त्याचं रोजचं काम होतं. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकली तर २००३च्या कायद्यात दंड दोनशे रुपयांपर्यंत. पण बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे ऐकताना माझी कानशिलं तापली. माझ्या वडिलांची तंबाखू कोपऱ्यावरच्या टपरीवरून रोज माझा बारा वर्षांचा भाचा आणतो. सुटे पैसे त्याच्या हातावर मीच ठेवते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण नव्वद मीटरच्या आत, तंबाखू विकायची नाही असाही नियम आहे. गल्लीतल्या शाळेच्या फाटकापासून मी पावलं मोजत गेले. साठावं पाऊल टपरीच्या फळीला लागलं. त्या रात्री वडिलांना सांगितलं, "आण्णा, आजपासून तंबाखू तुमची तुम्ही आणा." ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

महिनाभराने मी एक लोकरीचा स्वेटर घेऊन समितीच्या कार्यालयात गेले. तो घरी पोचला का, एवढंच विचारायचं होतं. टेबलामागच्या मुलीने मान हलवली, "नाही सांगता येत, ताई." आता मला कारण माहीत होतं, म्हणून वाद घातला नाही. स्वेटर तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, "त्याचा नाही तर कुणाचाही होईल."

तिने घडी उलगडून पाहिली. "किती वर्षांच्या लेकराला येईल हा?"

मी पुन्हा अंदाजानेच आठ म्हणाले.