काठोकाठ भरलेला कुंभ

डावीकडे वेदी, उजवीकडे काठोकाठ भरलेला कुंभ. ज्या चिनी अक्षराला कोरियन माणसं ‘बोक’ म्हणतात, त्याची मूळ घडण अशी आहे. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, शांग राजवटीत, कौल लावण्यासाठी कासवांच्या कवचांवर आणि गुरांच्या हाडांवर जी अक्षरं कोरली, त्यांत हे सापडतं. काही रूपांत कुंभ उचलून धरणारे दोन हातही दिसतात. पूर्वजांपुढे मद्य ठेवायचं आणि घरादाराचं भलं मागायचं, हा त्यामागचा भाव.

रांजणगाव-चाकण भागात कोरियन कंपन्या आल्या आणि पुण्यात कोरियन खाणावळी निघाल्या. मी तेव्हा कोरियन शिकत होते. अशाच एका खाणावळीत झाकणाच्या स्टीलच्या वाटीत भात आला. वाफेनं तापलेल्या झाकणावर हे अक्षर ठसठशीत उमटवलेलं होतं. आमच्या बाईंनी त्याची फोड करून सांगितली. उजव्या बाजूला वरून खाली ‘एक’, ‘तोंड’ आणि ‘शेत’ दिसतं. प्रत्येक तोंडामागे शेत असणं म्हणजे सुख, असा अर्थ लोकांनी मागाहून लावला. जुनं रूप मात्र कुंभाचंच.

पुढे नोकरीनिमित्त सोलला राहिले. राजा सेजोंगनं 1443 मध्ये हांगुल लिपी घडवली. आज तिथला रोजचा व्यवहार तिच्यातच चालतो. चिनी अक्षरं कागदावर क्वचितच भेटतात. बोक मात्र चमच्यांच्या दांड्यांवर आणि रेशमी बटव्यांच्या भरतकामात टिकून आहे. बोलण्यात तर ते पदोपदी येतं. आनंद म्हणजे ‘हेंगबोक’, आशीर्वाद ‘चुकबोक’, समाजकल्याण ‘बोकजी’, लॉटरीचं तिकीटसुद्धा ‘बोकक्वोन’. ज्याला चांगली माणसं लाभतात त्याच्याकडे ‘इनबोक’ असतं. प्राचीन ‘शू-चिंग’ ग्रंथात पाच सुखं सांगितली आहेत: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि आयुष्य पुरं करून आलेलं मरण. कोरियातली जुनी माणसं मजबूत दातही या पाचांत धरतात. ग्रंथात ते नाहीत. पण म्हातारपणी घास चावता येणं किती मोलाचं, हे त्यांना ठाऊक असतं.

माझ्या घरमालकीण आजींच्या स्वयंपाकघरात भिंतीवर बांबूच्या दोन छोट्या चाळण्या टांगलेल्या होत्या. तांदळातले खडे वेगळे काढण्याची ही चाळणी. नववर्षाला टांगली की ती ‘बोकजोरी’. आजींच्या लहानपणी वर्षाच्या पहिल्या पहाटे विक्रेते गल्लीतून हाका मारत येत आणि तिच्या किमतीत कोणी घासाघीस करत नसे. एकदा मी बसल्या बसल्या पाय हलवत होते. आजींनी गुडघ्यावर हात ठेवला. “पाय हलवू नये, पोरी. बोक निघून जातं.” माझी आजी लक्ष्मी जाते म्हणायची, एवढाच काय तो फरक.

नववर्षाला सगळे एकमेकांना म्हणतात, “सेहे बोक मानी बादुसेयो,” नव्या वर्षात भरपूर बोक घ्या. सगळं स्वतःच्या कर्तृत्वावर मिळवायचं, असं मानण्याच्या वयात मला यातलं ‘घ्या’ खटकलं असतं. आता वाटतं, भाषा मला बाईंनी दिली, परक्या शहरातलं घर आजींनी दिलं. माझ्या वाट्याचं बरंचसं चांगलं कुणीतरी आपण होऊन पुढे केलेलं आहे. ते मानानं घ्यावं आणि आपल्या हातून पुढच्याला द्यावं.