पाणी कुठवर येईल?

मे महिना उजाडला की आमच्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला मोठ्यांदा विचारतात, ‘वळीव कधी पडणार?’ आणि दुसरा जरा हळू आवाजात, ‘औंदा पाणी कुठवर येईल?’

‘आमच्याकडे’ म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात. नकाशा काढा बघू! कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्या या एवढ्याशा तालुक्यात दिसतील. जमीन काळीभोर आणि सपाट. जिकडे बघावं तिकडे ऊस. डोंगर नाही, टेकडी नाही. अशा सपाट मुलखात मी लहानाचा मोठा झालो, म्हणून हे दोन्ही प्रश्न मला पाठ आहेत.

आधी वळवाचं बघू. एप्रिल-मेमध्ये जमीन तव्यासारखी तापते. तिच्यालगतची हवा तापून हलकी होते आणि वर चढते. तिच्यात बाष्प असलं की दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. आधी सोसाट्याचा वारा, मग धूळ, मग टपोरे थेंब आणि कधी कधी गारा! गारा वेचायला तुम्हा-आम्हाला मजा वाटते. पण तिकडे तासगाव भागात एखाद्या शेतकऱ्याची द्राक्षं अजून वेलीवर असली, तर अर्ध्या तासात त्याचं वर्षभराचं कष्टाचं पीक मातीत जातं.

वळवातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे वीज. तिचं गणित मात्र सोपं आहे. उजेड लगेच दिसतो, आवाज मागून चालत येतो. त्याला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. म्हणजे वीज चमकल्यावर १२ आकडे मोजून झाले आणि मग गडगडाट ऐकू आला, तर ती ४ किलोमीटरवर पडली. आकडे ३० च्या आत आले की खेळ बंद, सरळ पक्क्या घरात! झाडाखाली थांबायचं नाही, नदीत-विहिरीत असाल तर तसंच बाहेर यायचं. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी घराबाहेर पडायचं नाही.

आता दुसरा प्रश्न. दरवर्षी एप्रिलच्या मध्याला भारतीय हवामान विभाग पावसाळ्याचा अंदाज सांगतो आणि मेअखेरीस तो सुधारून पुन्हा सांगतो. ‘सरासरीच्या इतके टक्के’ असं आपण बातम्यांत ऐकतो. ही सरासरी असते सगळ्या देशाची, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची. ती आहे ८७ सेंटिमीटर. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस पडला तर तो सर्वसाधारण धरतात.

मग सर्वसाधारण पाऊस सांगितला म्हणजे पूर येणार नाही, असं का? छे! २०१९ सालचंच बघा. एप्रिलमध्ये अंदाज होता ९६ टक्क्यांचा. जून तर इतका कोरडा गेला, की लोक आभाळाकडे डोळे लावून बसले. आणि ऑगस्टच्या पहिल्या दोन आठवड्यांत आमच्याकडे असा महापूर आला, की जाणत्या माणसांनीही तसा पाहिला नव्हता. त्या साली देशात अखेर ११० टक्के पाऊस झाला. अंदाज चार महिन्यांची बेरीज सांगतो. ती बेरीज कुठल्या गावात, कुठल्या आठवड्यात ओतली जाईल, हे त्यातून कळत नाही.

शिवाय आमच्या पुराची एक गंमत आहे. गंमत कसली, खोडीच म्हणा! सांगली-शिरोळकडे वर्षाला पाऊस पडतो जेमतेम सहाशे मिलिमीटर. पण कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला आणि तिथं पडतो पाच हजार मिलिमीटरहून जास्त. कोयना, वारणा, पंचगंगाही सह्याद्रीतूनच उतरतात. त्यामुळे आमच्या डोक्यावर लख्ख ऊन असतं आणि पायाशी पाणी चढत असतं. सपाटीवर आलं की पाण्याला घाई राहत नाही. ते पसरतं. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगत जातं. याला आमच्याकडे ‘फुगवटा’ म्हणतात. म्हणून पूर यायला वेळ लागतो, तसा जायलाही लागतो.

सांगलीच्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी फुटांत मोजतात. हा पूल १९२९ सालचा. तिथं ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं.

त्या ऑगस्टमध्ये मी गावीच होतो. शेजारच्या घरात एक आज्जा, त्यांची म्हातारी म्हैस आणि सातवीतली नात. गाव सोडायला सांगितलं होतं, पण आज्जा काही हलेनात. ‘पाच साली पाणी पायरीला लागून माघारी गेलं. हितंच बसतो मी,’ म्हणायचे. २००५ साली खरंच तसं झालं होतं. लोकांनी समजावलं, मीही सांगून बघितलं. आज्जा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. तिला सोडून ते कसे निघतील?

नातीनं मात्र वाद घातला नाही. सकाळपासून ती पाण्याच्या कडेला काठी रोवून दर तासाला खूण करत होती. दुपारी चार वाजता ती काठी घेऊनच आत आली आणि म्हणाली, ‘आज्जा, तासाला चार बोटं पाणी चढतंय. उंबरा चाळीस बोटं वर हाय. रात्री दोनला पाणी घरात येतंय. तवा अंधारात म्हस कशी काढणार तुम्ही?’

आज्जांनी काठीवरच्या खुणा बोटांनी चाचपल्या. दोनदा मोजल्या. मग उठले आणि म्हशीचं दावं सोडलं. दिवस मावळायच्या आत तिघं ट्रॅक्टरमधून निघाले. पाणी उंबऱ्याला लागलं ते दोनला नाही, चारच्या सुमाराला. शेतांत पसरल्यामुळे त्याचा वेग थोडा मंदावला होता. पण ते पायरीवर थांबलं नाही. खिडकीच्याही वर गेलं.

त्याच दिवसांत सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढताना बोट उलटली आणि कितीतरी जणांचे जीव गेले. वेळेवर निघणं म्हणजे काय, हे आमच्या भागाला तेव्हा फार कठीण रीतीनं कळलं.

म्हणून दोस्तांनो, या मे महिन्यात सुट्टीतली दोन दुपार एवढ्यासाठी काढा. आजी-आजोबांना विचारा, आजवरचा मोठा पूर कुठवर आला होता? तिथं भिंतीवर खडूनं रेघ ओढा. पण ती शेवटची रेघ आहे असं मात्र समजू नका! तुमच्या नदीची इशारा पातळी आणि धोका पातळी वहीत लिहून ठेवा. हवामान विभागाचे रंग पाठ करा. हिरवा म्हणजे काळजी नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातपाय हलवा. आणि आपल्या गावाचाच नाही, तर नदी जिथून येते त्या घाटमाथ्याचाही रंग बघत जा बरं का! शाळेचे दाखले, रेशनकार्ड, औषधं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. आणि जनावरं कुठे न्यायची, हे आई-बाबांकडून आत्ताच ठरवून घ्या. ते ठरलेलं नसतं म्हणूनच घरातली मोठी माणसं अडून बसतात.

एवढं झालं की खुशाल गारा वेचा, पहिल्या पावसात भिजा. अंगणात एक काठी मात्र तयार असू द्या.